माय रडत नव्हती

माझ्या मायवर मी अकरा कविता लिहिल्या. अकराच्या अकरा खोट्या आहेत. हे आज जाहीर लिहून देतो, कारण ती आता नाही आणि तिला उलट बोलता येत नाही. जिवंत होती तेव्हा बोलत होती. मी ऐकत नव्हतो.

पहिली कविता छापून आली तेव्हा मी कॉलेजात होतो. अंक घेऊन कोंढ्याला आलो. पवनी तालुक्यातलं आमचं कोंढा, धानाच्या बांध्यांचं गाव. माय चुलीपुढे बसली होती. म्हणलं, माय, तुझ्यावर लिहिलं आहे, ऐक. वाचून दाखवली. कवितेत ती धुरात रडत होती, उपाशी राहून पोरांना भरवत होती, फाटक्या पदराने डोळे पुसत होती. वाचता वाचता माझाच गळा दाटून आला. तिने फुंकणी खाली ठेवली आणि म्हणाली, "मी कवा रडली रे? कांद्यानं आलं असन पानी. आन उपासी कायले राहू? दोन पायल्या कनिक आपटनारी बाई उपासी राहून कशी चालन? मी तं पयले जेवतो, मंग तुमाले वाढतो."

महाराष्ट्रातल्या कुठल्याही समीक्षकाने मला इतकं खरं सुनावलं नाही. तरी पुढच्या दहा कविता मी तशाच लिहिल्या.

का लिहिल्या? कारण रडणारी माय चालते, दोस्तांनो. संमेलनात चालते. पाठ्यपुस्तकात चालते. सवर्ण संपादकालाही चालते. रडणाऱ्या मायचं कोणी काही देणं लागत नाही. तिच्या पायावर डोकं ठेवलं, दोन टिपं गाळली की हिशेब मिटला. हिशेब मागणारी माय मात्र कोणालाच नको. त्यांना नको आणि आपल्यालाही नको. ते बाईला 'अन्नपूर्णा' म्हणतात अन् तिची मजुरी खातात. आपण 'माय माय' म्हणतो अन् तेच करतो. म्हणून हे लिहिणं. ही श्रद्धांजली नाही. ही थकबाकी आहे.

माय जन्मली १९४९ च्या आसपास. तारीख कोणी लिहून ठेवली नाही. १९५४ साली बाबासाहेब भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीला उभे राहिले तेव्हा ती पाचेक वर्षांची होती. तिची आई, म्हणजे माझी आजी, प्रचाराला पायी हिंडणाऱ्या पोरांसाठी भाकरी थापत होती. बाबासाहेब ती निवडणूक हरले. वाड्यात मयत झाल्यासारखं झालं, कोणी चूल पेटवेना. आजी उठली म्हणे आणि पीठ मळायला बसली. म्हणाली, "निवडनूक हरली, पोट नाई हरलं. पोरं उपासी हायेत." हे मायने मला शंभरदा सांगितलं. मी त्यावर एकही कविता लिहिली नाही. त्यात कोणी रडत नव्हतं ना.

दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, आजी नागपूरला दीक्षेला गेली. डोक्यावर भाकरींचं गाठोडं, बोटाला धरून माय. दीक्षाभूमीचा इतिहास लिहिणारे बाबासाहेबांचं भाषण लिहितात, बावीस प्रतिज्ञा लिहितात. लिहायलाच पाहिजे. पण लाखो माणसं तिथे काय खाऊन उभी होती? गाठोड्यातली भाकर, मिरचीचा ठेचा, मूठभर फुटाणे. आदल्या रात्री गावोगावच्या चुली जागल्या, तेव्हा ती माणसं तिथे उभी राहिली. त्याच्याही आधी, १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं की मेलेल्या ढोराचं मांस सोडा. सभेत हात वर केले पुरुषांनी. पण तो ठराव अमलात कोणी आणला? चान्या वाळवायच्या बंद केल्या कोणी? रोजचं पातेलं ज्यातून भरत होतं ते सोडून आता पोरांच्या पुढ्यात काय वाढायचं, हा सवाल कोणी सोडवला? घरोघरच्या बायांनी सोडवला. क्रांतीचा तो भाग चुलीवर शिजला आणि त्याची नोंद कुठे नाही.

आमच्या झाडीपट्टीत तो सवाल लाखोळीने सोडवला. माय म्हणे लाखोरी. धान कापायच्या आधी बांधीतल्या ओलीत बी फेकून द्यायचं, आपोआप उगवते. गरिबाची डाळ. पण दिवसेंदिवस नुसती तीच खाल्ली तर पाय जातात, धडधाकट माणूस जन्माचा काठीवर येतो. १९६१ साली कायद्याने तिच्या विक्रीवर बंदी आली. बंदी कागदावर आली, मजुराच्या ताटात दुसरी डाळ काही आली नाही. माय काय करायची? लाखोरी रात्रभर भिजत घालायची, सकाळी ते पाणी फेकायची, मग खळखळ उकळून तेही पाणी फेकायची आणि तिसऱ्या पाण्यात शिजवायची. लसूण-मिरचीची फोडणी. पुढे मी वाचलं की शास्त्रज्ञही हेच सांगतात, गरम पाण्यात भिजवून, उकळून पाणी टाकलं की त्यातलं विष बरंचसं उतरतं. माय शाळेत गेली नव्हती. आमच्या घरात एकाचेही पाय गेले नाहीत. याला लोक 'मायच्या हातची चव' म्हणतात. अरे, चव कसली? ते डोकं आहे. आमच्या मायांना हात होते हे सगळ्यांनी लिहिलं. डोकं होतं हे कधी लिहिणार?

आता तिच्या डोक्याची दुसरी गोष्ट. माझ्या बापाने दुसरी बाई आणली. पंच बसले. म्हणाले, नांदून घे, दोन भाकरी मिळतील. माय म्हणाली, "भाकरी मीच थापतो तं मिरतील म्हनजे काय? मीच मले देऊ?" तिने आम्हा दोघा भावंडांना घेतलं, एक पितळेचा गंज घेतला, एक चाटू घेतला आणि कोंढ्याला भावाकडे आली. मामाला पहिल्याच दिवशी सांगितलं, "ओसरीचं भाडं देईन. बहीन म्हनून फुकट राहनार नाई." मामाला वाईट वाटलं. पण भाडं तिने दिलं, दर महिन्याला दिलं. आणि म्हणून त्या घरात तिला कधी कोणी गप्प बस म्हणलं नाही. बाईचं स्वातंत्र्य म्हणून पुढे मी पुष्कळ जाड पुस्तकं वाचली. त्या ओसरीच्या भाड्यात ती सगळी होती.

भाडं कशाचं? लांबरोटीचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो. गहू बारीक दळायचा, पीठ कपड्याने गाळायचं. मीठपाणी घालून कणीक सैल भिजवायची आणि मग ती आपटायची. परातीत आपटून आपटून तिला तार आणायची, खांदे भरून येईपर्यंत. मोठं मडकं चुलीवर पालथं घालायचं, खाली पळसाची-सागाची लाकडं. मग ओला गोळा हातावर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर झुलवायचा. पंजापासून कोपरापर्यंत तो लांबत जातो, पातळ होत जातो, पातळाच्या पदराएवढा होतो. तो एका झटक्यात तापल्या मडक्यावर टाकायचा. हात अर्धा पळ उशिरा उचलला तर कातडी गेली. लाटणं नाही, पोळपाट नाही. मायच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत एक केस नव्हता. भाजल्याचे डाग मात्र होते, जुने काळे आणि नवे लाल. लग्नकार्यात मटणाच्या रश्शासोबत, उन्हाळ्यात आमरसासोबत ही रोटी लागायचीच. माय घरोघर फिरून सांगून आली, रोट्या करून देईन, पायलीमागे एवढे पैसे. दान नको, धान्य नको, जुनं लुगडं नको. पैसे.

वाड्यातली कामं आधी आली. मग गावातून आली, पण मागच्या दाराने. आमच्या हातचं पाणी बाटत होतं, रोटी बाटत नव्हती. म्हणजे बाटत होती, पण मटणाच्या रश्श्यात बुडवली की त्यांना तेवढा वेळ विसर पडत होता.

मी बाराएक वर्षांचा असेन. शेजारच्या एका गावच्या जुन्या मालगुजाराच्या घरी लग्न होतं. मालगुजारी १९५१ सालीच कायद्याने गेली होती. वाडा गेला नव्हता, ऐट गेली नव्हती. वरातीच्या रात्रीच्या जेवणाला रोट्या हव्या होत्या. चाळीस रुपये ठरले. गोठ्याच्या मागे तीन मडकी मांडली. माय आणि अजून दोघी, मी लाकडं सारायला. दुपारपासून रात्रीपर्यंत. टोपली भरली की एक गडी यायचा, टोपलीवर तांब्यातलं पाणी दोन थेंब शिंपडायचा आणि उचलून न्यायचा. मायने पाहिलं. काही बोलली नाही. तिचे हात चालूच होते.

काम संपलं. वाड्याचा कारभारी आला, पंचवीस रुपये दिले आणि म्हणाला, उरलंसुरलं घेऊन जा. माय म्हणाली, "उरलंसुरलं मांगायले मी आली नाई जी. चारीस ठरले होते." तो हसला. म्हणाला, "तुझ्या हातची रोटी आमच्या पाहुण्यांनी खाल्ली, हे काय कमी झालं?"

माय तशीच उठली. हात पिठाने भरलेले. गोठ्याच्या बाजूने वळून सरळ पुढच्या मांडवात गेली. पंगत बसली होती. मी मागे धावलो. मांडवाच्या खांबाशी उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "रोट्या गोड लागल्या का जी पाहुने? कोंढ्याच्या बौद्धवाड्याच्या हायेत. माह्या हातच्या हायेत. पंधरा रुपये बाकी हायेत."

मला आजही तो मांडव दिसतो. गॅसबत्तीचा आवाज तेवढा येत होता. एकाच्या हातात घास तसाच राहिला. कारभारी पळत आला आणि मायच्या हातावर पंधरा रुपये टाकले. तिने मोजून घेतले. आणि आता ऐका, पंगतीतून एकही माणूस उठला नाही. घास तोंडात होता तो गिळला आणि पुढचा तुकडा मोडला. रोटी चांगली झाली होती. धर्म बुडाला नाही, जात बुडाली नाही, पंधरा रुपये तेवढे वसूल झाले.

पण गोष्ट इथे संपवली तर ती माझी बारावी खोटी कविता होईल. दुसऱ्या दिवशी आमच्याच वाड्यातले चार शहाणे घरी आले. म्हणाले, बाई, आपल्याला गावात राहायचं आहे. तुझ्या पंधरा रुपयांपायी आमच्या पोरांची कामं जातील. खरंच दोनेक वर्षं त्या बाजूचं एकही काम आलं नाही. माय विड्या वळत राहिली, धानाच्या रोवणीला जात राहिली. ओसरीचं भाडं एकदाही चुकलं नाही. शहाणे बरोबर होते का? त्यांच्या भीतीला कारण होतं, हे मी नाकारत नाही. स्वाभिमानी बाईची किंमत आमच्या जिल्ह्याने पुढे जगाला दाखवलीच. २९ सप्टेंबर २००६ ला मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, तिची प्रियंका, सुधीर आणि रोशन यांना गावाने मिळून मारलं. सुरेखा जमीन सोडत नव्हती, पोरांचं शिक्षण सोडत नव्हती, मान खाली घालत नव्हती. बातमी आली त्या दिवशी मायने हातातलं काम ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "ते माही बहीन होती. भेटली नाई कवा." तेव्हाही ती रडली नाही. कितीतरी वेळ चुलीतलं लाकूड नुसतं आतबाहेर करत होती.

आता आपल्या माणसांचं सांगतो. राग आला तरी वाचा.

दरवर्षी १४ एप्रिलला वाड्यात भोजनदान. रात्री तीनपासून बाया कढयांपुढे. पाचशे माणसांचा भात, भाजी, बुंदी. सकाळी मंच उभा राहतो, त्यावर अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, कवी. कवींमध्ये मी. 'स्त्रीच्या प्रगतीवरून मी समाजाची प्रगती मोजतो' या आशयाचं बाबासाहेबांचं म्हणणं आम्ही प्रत्येकजण बोलून दाखवतो. ते बोलले कुठे? १९४२ च्या जुलैत नागपूरला, दलित महिला परिषदेत, हजारो बायांसमोर. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. मंचावर बाई होती! आणि इतक्या वर्षांनंतर आमच्या मंचावर बाई कुठे आहे? मंचामागे, कढईपाशी. एका वर्षी सूत्रसंचालकाने माईकवरून सांगितलं, आमच्या माता-भगिनींनी प्रेमाने स्वयंपाक केला आहे. माय खालून ओरडली, "परेमानं नाई, लाकडानं केला! आन भांडे घासाले कोन येते ते पयले सांगा!" लोक हसले. मीही हसलो. भांडी घासायला कोणी गेलं नाही. मीही गेलो नाही. मंडप आणणाऱ्याला पैसे दिले, माईकवाल्याला दिले, पाहुण्यांना जाण्यायेण्याचं भाडं दिलं. रात्री तीनपासून राबलेल्या बायांना काय दिलं? टाळ्या.

माझी सर्वांत मोठी चूक पुढे आहे.

२००१ च्या २८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने हुकूम दिला की सरकारी शाळांतल्या पोरांना कोरडा तांदूळ नको, शिजवलेलं अन्न द्या. २० एप्रिल २००४ ला पुढचा हुकूम आला की स्वयंपाकी नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींच्या बायांना अग्रक्रम द्या. म्हणजे ज्या हाताने देशाला विटाळ होत होता, त्याच हाताने देशाच्या पोरांना वाढायचं. महाडच्या तळ्यानंतरचं हे दुसरं तळं होतं, आणि ते प्रत्येक गावच्या शाळेत होतं. माय तेव्हा पंचावन्नच्या घरात होती. मावशीच्या गावच्या बचत गटाला शाळेतल्या खिचडीचं काम मिळालं होतं, तिथे ती लागली. गावाचं नाव लिहीत नाही. पहिल्या दिवशी मधल्या सुटीत काही घरची पोरं दप्तरं उचलून जेवायला घरी गेली. एक गुरुजी दबक्या आवाजात म्हणाले, बाई, तुम्ही भाजी चिरत जा, शिजवायला दुसरी बाई पाहू. माय म्हणाली, "गुरुजी, चिरल्यानं बाटत नाई आन ढवरल्यानं बाटते, हे कोन्त्या पुस्तकात लिवलं हाये? ते पुस्तक पोराईले नोका शिकवू."

आणि मी? मी नागपुरात नोकरीला होतो. तो न्यायालयाचा हुकूम मी पेपरात वाचला होता, त्यावर चहाच्या टपरीवर तावातावाने बोललोही होतो. गावी गेलो आणि मायला म्हणलं, सोड हे काम. पोरगा ऑफिसात आणि माय खिचडी ढवळते, लोक काय म्हणतील? माझी इज्जत जाते. ती माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "तुही इज्जत माह्या चाटूले लटकली हाये का? उतरून घे मंग." अस्पृश्याच्या पोराला आपल्या मायच्या चाटूचा विटाळ झाला होता, दोस्तांनो. गुरुजींना जातीचा, मला नोकरीचा. तिने दोघांनाही जुमानलं नाही.

पोरं आली. आधी एक पोरगी आली, दुसऱ्यांदा मागून खाल्लं. मग तिच्या मैत्रिणी आल्या. वर्षभरात बहुतेक पोरं पंगतीला बसू लागली. दोन घरची शेवटपर्यंत बसली नाहीत, तेही लिहितो. २०१० साली बचत गट बदलला म्हणून मायला घरी बसवलं. कागद नाही, नोटीस नाही. ती तालुक्याच्या एका कचेरीत गेली. म्हणाली, काढलं तं लिवून द्या, आन तीन महिन्याचे पैसे द्या. डबा घेऊन दोन दिवस व्हरांड्यात बसली. पैसे मिळाले. काम परत मिळालं नाही, कागदही मिळाला नाही.

तिची हार होती का ही? मग हे पाहा. २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यातल्या सुखीढांगच्या शाळेत सुनीता देवी ही दलित बाई स्वयंपाकी नेमली गेली. सवर्ण पोरांनी तिच्या हातचं खायचं सोडलं. नेमणूक नियमाने झाली नाही असं कारण काढून तिला काढून टाकलं. तेव्हा दलित पोरांनी सांगितलं, मग आम्हीही सवर्ण बाईच्या हातचं खाणार नाही. देशभर बोभाटा झाला आणि तिला परत घ्यावं लागलं. आणि आमचं पुणं! २०१७ साली हवामान खात्यातल्या एका बड्या अधिकारीण बाईंनी आपल्या स्वयंपाकिणीवर पोलिसांत तक्रार केली, हिने जात लपवली, आमचं सोवळं मोडलं. ती स्वयंपाकीण दलितसुद्धा नव्हती, मराठा होती. सोवळ्याच्या पायरीवर खाली उभे असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. लोक खवळले तेव्हा तक्रार मागे घेतली. उपग्रह ढग दाखवतो, डोक्यातलं जळमट दाखवत नाही.

शिकलेल्या बायांनीही हे केलेलं आहे. १९३७ साली नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली. हमाली करून पुढे शिक्षिका झालेल्या, दलित मुलींची शाळा काढणाऱ्या जाईबाई चौधरी तिथे गेल्या होत्या. जेवणाच्या वेळी त्यांना वेगळं बसवलं. आपल्या बायांनी पुढच्या १ जानेवारीला, १९३८ साली, सभा घेऊन निषेध केला. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली काढलं, म्हणून असल्या बाया आपल्याला कळल्या. बेबी कांबळे, शांताबाई कांबळे यांनी स्वतःचं जिणं स्वतः लिहिलं. त्यांची लिहिण्याची रीत पाहा आणि माझ्यासारख्या कवींच्या माया पाहा. त्या बाया भांडतात, हसतात, नवऱ्याला सुनावतात. आमच्या माया नुसत्या जळतात.

कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि घरोघर गेलं. बाईच्या अंदाजाला छापील माप मिळालं, चांगलंच झालं. आमच्या चुलीवरचं मराठी पुस्तक, शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म', यायला २०१५ उजाडलं. पंचेचाळीस वर्षं! आता तर उलटंच सुरू झालं आहे. मायची लांबरोटी 'मटका रोटी' म्हणून नागपूरच्या खाद्यमहोत्सवात मिरवते. बाई रोटी झुलवते, भोवती मोबाईल उभे. व्हिडिओ लाखो लोक पाहतात. हातांवरचे डाग कोणी पाहत नाही, आणि बाईला त्या दिवसाची मजुरी किती पडली हे कोणी विचारत नाही. पाणी शिंपडायचं तेवढं बंद झालं, कारभारी तोच आहे.

आणि सरकार नावाचा मोठा कारभारी? शाळेत शिजवणाऱ्या बाईला तो पगार देत नाही, 'मानधन' देतो. केंद्राने २००९ च्या डिसेंबरापासून महिना १,००० रुपये ठरवले, तेही वर्षाचे दहाच महिने. उन्हाळ्याचे दोन महिने स्वयंपाकिणीला पोट नसतं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ते २,५०० केले. तीस दिवसांवर वाटा, दिवसाला ८३ रुपये पडत होते. त्याच वर्षी रोजगार हमीवर माती खोदायला दिवसाला २७३ रुपये होते. म्हणजे खड्डा खोदला तर मजुरी आणि पोराचं पोट भरलं तर सेवा. का? कारण शिजवणं हे बाईचं 'प्रेम' आहे असं ठरून गेलं आहे. हे प्रेम कोणी ठरवलं? मालगुजाराच्या कारभाऱ्याने ठरवलं, आणि माझ्या अकरा कवितांनी त्याखाली सही केली.

म्हणून माझ्या भावांनो, मायच्या नावाने कविता लिहायची असेल तर आधी दोन कामं करा. येत्या १४ एप्रिलला मंचावरच्या खुर्च्या कमी करा आणि कढईपुढच्या बायांची मजुरी जमाखर्चात धरा. भांडी पुरुषांनी घासावीत. कवींनी आधी घासावीत. आणि तुमच्या गावच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईला विचारा, तुला मानधन वेळेवर मिळतं का, तुझी नेमणूक कागदावर आहे का. नसेल तर तिच्यासोबत कचेरीच्या व्हरांड्यात बसा. डबा ती आणेल असं समजू नका. आपला आपण न्या.

या लेखात मायचं नाव नाही, हे कोणाच्या लक्षात आलं असेल. विसरलो नाही. शेवटच्या आजारपणात मी तिला म्हणलं होतं, माय, आता तुझ्यावर खरं लिहितो, तुझ्या नावासकट लिहितो. ती खाटेवरून म्हणाली, "कवितेत नाव टाकू नोको रे बाबू. जिथं पैसे देतात त्या कागदावर टाकाचं होतं. तिथं कोनं टाकलं नाई."

तो कागद अजून कोरा आहे. तिथे आता दुसऱ्या बाया शिजवताहेत. त्यांची नावं तिथे पडली की मी बारावी कविता लिहीन.